निगेटिव्ह, स्कॅन आणि मोबाइलमधले फोटो : घरचा संग्रह लावताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या मराठी घरांत फोटोंचा पसारा साधारण एकाच जातीचा असतो. माळ्यावर एक पत्र्याची पेटी, कपाटात दोन-तीन अल्बम, कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये लग्नाची सीडी आणि घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हजारो फोटो. हे सगळं एका जागी आणायला बसलेल्यांना जे प्रश्न पडतात, त्यांची ही उत्तरं.

सगळंच विस्कटलेलं आहे. सुरुवात कुठून करू?

स्कॅनरपासून तर नकोच. बहुतेक जण आधी स्कॅनर विकत घेतात, दोन रविवार उत्साहानं बसतात आणि तिसऱ्या रविवारी स्कॅनरवर कापड पडतं. आधी पाहा की या फोटोंतली माणसं ओळखणारं घरात कोण उरलं आहे. आज्जी, मोठे काका, शेजारच्या मावशी, जो कोणी असेल त्याच्यासमोर फोटो ठेवून बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. नीट कोरड्या जागी ठेवलेली ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह आणखी दहा वर्षं सहज थांबेल. पंचाऐंशी वर्षांच्या आज्जीच्या बाबतीत असं म्हणता येत नाही.

म्हणून क्रम असा: पेटीतल्या प्रत्येक पाकिटाला आणि अल्बमला नंबर, मग माणसांकडून माहिती, मग स्कॅनिंग. मोबाइलमधल्या फोटोंचं काम याला समांतर चालू राहू शकतं. ते वेगळं आहे, त्याकडे पुढे येऊ.

आज्जीला नेमकं विचारायचं काय? ती "कोण की बाई" म्हणून सोडून देते.

"ही कोण?" एवढंच विचारलं की असंच उत्तर येतं. फोटोतल्या वस्तूंवरून सुरुवात करा. हे घर कुणाचं, मागचा दरवाजा कुठल्या गल्लीकडे उघडायचा, ही साडी कुठल्या लग्नात घेतलेली, फोटो काढला कुणी, आणि घरातलं कोण या फोटोत नाही? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा. मोठे काका दिसत नाहीत म्हटल्यावर आज्जीला आठवतं की ते तेव्हा नोकरीवर होते, आणि तिथून वर्ष सापडतं.

शक्य असेल तर दोन म्हाताऱ्यांना एकत्र बसवा. त्या भांडतील. "ती हिंडलग्याची नव्हे गं, येळ्ळूरची" असा वाद सुरू झाला की तुम्ही मध्ये पडू नका, रेकॉर्डिंग चालू ठेवा. प्रत्येक फोटो हातात घेताना मात्र तोंडानं नंबर सांगा: "पाकीट बारा, फोटो चार." नंतर तासभराचं रेकॉर्डिंग ऐकताना हाच एक धागा हाताशी असतो.

बायकांच्या नावांबाबत विशेष काळजी घ्या. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची पद्धत होती, त्यामुळे माहेरच्या फोटोतली शांता आणि सासरच्या फोटोतली सुमन ही एकच बाई असू शकते. संग्रहात दोन्ही नावं एकत्र लिहा: सासरचं नाव, माहेरचं नाव, माहेरचं गाव. "अक्का", "आण्णा", "तात्या" एवढ्यावर भागवू नका. तीन पिढ्यांत तीन अक्का असतात आणि तुमच्या मुलांना त्यातली एकही ठाऊक नसते.

निगेटिव्ह पाकिटांतून काढून विषयवार लावल्या तर? लग्नं एकीकडे, यात्रा एकीकडे.

तसं करू नका. रोल हा एकक आहे, तो मोडायचा नाही.

जुन्या स्टुडिओचं एखादं पाकीट हातात घेऊन नीट पाहा. वर शाईचा शिक्का, त्यावर पेनानं लिहिलेला रोल नंबर, कधी तारीख, कधी गिऱ्हाइकाचं आडनाव. आत बटर पेपरच्या पट्टीत निगेटिव्हचे तुकडे. ३५ मिलिमीटरच्या पट्टीला कडेनं भोकं असतात आणि भोकांच्या रांगेत बारीक अक्षरात फिल्मचं नाव आणि १, १ए, २, २ए असे नंबर छापलेले असतात. हे नंबर कारखान्यात फिल्मवर आलेले असतात, त्यामुळे फोटो कुठल्या क्रमानं काढले ते त्यावरून कळतं. नंबर ७ वर बारसं आहे, ८ वर कुणीतरी अनोळखी माणूस खुर्चीत बसलेला आहे आणि ९ वर परत बारसं आहे, तर तो माणूस बारशाला आलेला होता. हा पुरावा तुम्ही आठवी निगेटिव्ह कापून "अनोळखी" नावाच्या पाकिटात टाकलीत की संपला.

भोकं नसलेली रुंद फिल्म असेल तर ती १२० या मापाची. आग्फाचा क्लिक थ्री आपल्याकडे घरोघरी होता. त्यात या रोलवर सहा बाय सहा सेंटीमीटरचे बाराच फोटो यायचे. बारा फोटोंत वर्ष काढणारी घरं होती, त्यामुळे एकाच रोलवर गणपती, दिवाळी आणि मुंज सापडली तर दचकू नका. कडेला "इंदू" दिसलं तर ती उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची. ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली, म्हणजे फोटो त्यानंतरचा एवढं नक्की.

विषयवार पाहायचं असेल तर ते काम कंप्युटरवर कीवर्डनं होतं. पेटीतल्या वस्तू हलवायची गरज नसते.

नंबर कसे द्यायचे?

साधे. पहिलं पाकीट ०००१, दुसरं ०००२. वर्षाप्रमाणे लावून मग नंबर द्यायच्या भरीस पडू नका, नाहीतर मामाच्या घरून आणखी एक डबा आला की सगळं परत करावं लागेल. पाकिटावर मऊ पेन्सिलनं लिहा. बॉलपेन दाबून लिहिलं की आतल्या निगेटिव्हवर वळ उठतो. प्रिंटच्या मागे आधीपासून काही लिहिलेलं असेल तर मागची बाजूही स्कॅन करा, अक्षर कुणाचं आहे यावरूनसुद्धा माहिती मिळते.

फाइलला नाव मराठीत द्यावं की इंग्रजीत?

दोन्हीत नको, फक्त आकड्यांत द्या. पाकीट ००१२ मधला सातवा फोटो म्हणजे ००१२-०७. (आकडे टाइप करताना इंग्रजी वापरा. इथे वाचायला देवनागरीत दिलेत.) कारण सरळ आहे. फाइलच्या नावात "सुमन आत्याचं लग्न" लिहिलंत आणि पुढे कळलं की ते लग्न सुमन आत्याचं नव्हे, तर नाव बदलावं लागतं. मग तुमच्याकडचं एक, पुण्याच्या भावाकडचं दुसरं आणि हार्ड डिस्कवरचं तिसरं अशी एकाच फोटोची तीन नावं होतात. आकडा कधी चुकीचा ठरत नाही.

माहिती फाइलच्या पोटात लिहायची: कॅप्शन, माणसांची नावं, गाव, तारीख. हल्ली हे एक्सएमपी या पद्धतीनं लिहिलं जातं आणि त्यात युनिकोड मराठी नीट बसतं. आयपीटीसी या त्याआधीच्या पद्धतीच्या रकान्यांत मात्र कधी कधी देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. म्हणून सुरुवातीला दोन-चार फोटोंवर लिहून दुसऱ्या कंप्युटरवर उघडून पाहा. आणि कुणी श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये याद्या टाइप करून ठेवल्या असतील, तर त्या आधी युनिकोडमध्ये फिरवून घ्या. तो फाँट नसलेल्या मशीनवर त्या याद्या म्हणजे नुसती चिन्हांची खिचडी.

गावाचं नाव बेळगाव लिहू की बेळगावी?

शोधायला बसाल तेव्हा जे मनात येईल ते. इथली मराठी माणसं बेळगावच टाइप करतात. सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, त्यामुळे त्यानंतरच्या मोबाइल फोटोंत नकाशाकडून आपोआप येणारं नाव बेळगावी असतं आणि जुन्या कॅप्शनमध्ये बेळगाव. दोन्ही एका कीवर्डखाली जोडा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एकाला दुसरा पर्याय म्हणून जोडता येतो, नसेल तर सरळ दोन्ही शब्द टाका.

शहराच्या नावावर थांबू नका. शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी, कॅम्प अशी वस्ती लिहा, आणि ठाऊक असेल तर गल्लीही. पुढे कुणी "रामदेव गल्लीतलं घर" शोधणार आहे, "बेळगाव" शोधणार नाही.

फोटो कुठल्या वर्षातला ते कुणालाच माहीत नाही. काय करायचं?

या कामातला सगळ्यात रंगतदार भाग हाच, आणि आपल्या भागात त्याला खुणा भरपूर.

आधी लग्नपत्रिका शोधा. अल्बमच्या कव्हरमध्ये किंवा देवघराच्या पोटमाळ्यावर सापडते. त्यावर इसवी सन नसलं तरी शके आणि तिथी असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवायचे. म्हणजे शके १८९६ चा वैशाख हा १९७४ मधला, पण शके १८९६ चा माघ १९७५ मधला. हा शेवटचा घोळ फार होतो, आणि लग्नाचे मुहूर्त माघ-फाल्गुनात भरपूर असल्यामुळे वर्षाची चूक संग्रहभर पसरते.

शिवजयंतीच्या फोटोवर १९ फेब्रुवारी ही तारीख डोळे झाकून टाकू नका. बेळगावात पारंपरिक शिवजयंती वैशाखात होते आणि चित्ररथांची मिरवणूक त्याच दिवसांतली. मुलं सुती कपड्यांत, माणसं घामाघूम आणि रात्रीचा उजेड असा फोटो बहुधा एप्रिल-मे मधलाच असणार.

गावच्या महालक्ष्मी यात्रेचे फोटो म्हणजे तर घबाड. कित्येक गावांत ही यात्रा काही वर्षांच्या अंतरानं भरते आणि "यात्रेच्या आदल्या वर्षी घर बांधलं" अशा भाषेत गावकरी काळ मोजतात. गावातल्या जाणत्यांकडून यात्रांची वर्षं लिहून घ्या. एक यात्रा पक्की झाली की तिच्या पुढच्या-मागच्या रोलांचा माग लागतो.

मग पाट्या वाचा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यानंतर म्हैसूर राज्यात, आणि १ नोव्हेंबर १९७३ ला राज्याचं नाव कर्नाटक झालं. एसटीवर, शाळेच्या बोर्डावर, पावतीवर "म्हैसूर" दिसलं तर फोटो बहुधा १९७३ च्या आतला. बहुधा म्हणायचं कारण असं की पाटी रंगवायला वेळ लागतो आणि जुनी पावतीबुकं संपेपर्यंत वापरली जातात. बसवर वायव्य कर्नाटक महामंडळाचं नाव असेल तर १९९७ किंवा त्यानंतरचा. दुकानाच्या पाटीवर ५९०००१ सारखा सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या अलीकडचा, कारण पिनकोड सुरूच त्या दिवशी झाले. गाडीवर केए-२२ किंवा चिकोडीचा केए-२३ असेल तर १९८९ च्या नंतरचा. मारुती ८०० उभी असेल तर डिसेंबर १९८३ च्या आधीचा नाही.

इतकं करूनही वर्ष नाही सापडलं तर अंदाज लिहा, पण तो अंदाज आहे असं स्पष्ट लिहून. "१९७० ते १९७३ दरम्यान, पाटीवरून." शेवटचे दोन शब्द विसरू नका. पुढच्या माणसाला तुमचा अंदाज तपासायचा असेल तर तो कशावर उभा आहे ते कळलं पाहिजे.

स्कॅन केलेले सगळे फोटो यंदाच्याच तारखेखाली दिसतात.

कारण कंप्युटरला स्कॅनची तारीख ठाऊक आहे, फोटोची नाही. फोटो काढल्याच्या तारखेचा एक्झिफमधला (कॅमेरा फाइलमध्ये आपोआप लिहितो त्या माहितीतला) रकाना तुम्ही भरायचा. एक्झिफटूल हे फिल हार्वे यांचं मोफत साधन हजारो फाइलींची तारीख एका आज्ञेत बदलतं. आज्ञा लिहायला जड जात असेल तर डिजीकॅम हे फोटो लावायचं सॉफ्टवेअर वापरा. फक्त वर्ष ठाऊक असेल तर १ जानेवारी टाका, वेळ रात्री बाराची, आणि कॅप्शनमध्ये "फक्त वर्ष नक्की" असं लिहा. नाहीतर पुढे कुणीतरी आज्जीचा वाढदिवस १ जानेवारीला साजरा करायला लागेल. शाळेत वय अंदाजे घालताना १ जून लावायचे, त्याच जातीची गोष्ट.

किती डीपीआयनं स्कॅन करू?

डीपीआय म्हणजे स्कॅनर एका इंचात किती ठिपके टिपतो तो आकडा. लोक हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतात. मी मुद्दाम उशिरा घेतलाय.

घरगुती ३५ मिलिमीटर निगेटिव्हला २४०० पुरतं. त्यातून साधारण २,२७० बाय ३,४०० पिक्सेल मिळतात, म्हणजे सुमारे ७७ लाख. आठ बाय दहाची प्रिंट त्यातून छान निघते. रंगीत १६ बिट टिफ (जेपेगसारखी न दाबलेली, मोठी फाइल) ठेवलीत तर एक फोटो ४६ एमबीच्या आसपास, छत्तीसचा रोल दीड जीबीच्या थोडा वर. १२० च्या सहा बाय सहा निगेटिव्हला त्याच २४०० वर २.८ कोटी पिक्सेल मिळतात, कारण ती मुळातच मोठी आहे. क्लिक थ्रीच्या लेन्समध्ये तेवढा तपशील असतो का, हा प्रश्न वेगळा.

सपाट स्कॅनरच्या डब्यावर ६४०० किंवा त्याहून मोठा आकडा असतो. त्यावर जाऊ नका. प्रत्यक्षात तो बराच आधी थकतो, पुढे फक्त फाइल फुगते. एखाद्या निवडक निगेटिव्हसाठी ३५ मिलिमीटरचा वेगळा फिल्म स्कॅनर किंवा मॅक्रो लेन्स लावलेला कॅमेरा जास्त चांगला. कागदी प्रिंट ६०० नं स्कॅन करा. लहान पासपोर्ट साइजची असेल तर १२००.

मूळ स्कॅन टिफमध्ये, त्याला कधी हात लावायचा नाही. रंग सुधारणं, कापणं, चेहऱ्यावरचे ओरखडे काढणं हे सगळं कॉपीवर. नातेवाइकांना पाठवायला जेपेग.

मोबाइलनं निगेटिव्हचे फोटो काढले तर चालतं?

यादी करायला उत्तम. एलईडी पॅनल किंवा पांढरा स्क्रीन लावलेला टॅब खाली ठेवा, पट्टी वर (स्क्रीनपासून थोडी उंच, नाहीतर पिक्सेल दिसतात), फोटो काढा, रंग उलटे करा. पूर्ण पेटीत काय आहे ते एका सुट्टीत कळतं आणि खरा स्कॅन कुठल्या रोलांना लागणार तेही. अंतिम प्रत म्हणून हे ठेवू नका.

फोटो उलटा स्कॅन झाला हे कसं ओळखायचं?

फिल्मची चकचकीत बाजू आणि मंद बाजू वेगळ्या असतात. चकचकीत बाजूनं पाहिलं की कडेची अक्षरं सरळ वाचता येतात. स्कॅन झाल्यावर दुकानाची पाटी, शर्टाचा खिसा (घालणाऱ्याच्या डाव्या बाजूला), मनगटावरचं घड्याळ पाहा. पदरावर विसंबू नका. पदर डाव्या खांद्यावरच असणार असं आपल्या भागात धरता येत नाही. उत्तर कर्नाटकी पद्धतीत तो उजव्या खांद्यावर घेतात आणि एकाच ग्रुप फोटोत दोन्ही दिसू शकतात.

धूळ आपोआप काढणारी सोय ब्लॅक अँड व्हाइटवर सगळं बिघडवते. स्कॅनर खराब आहे का?

नाही. ती सोय इन्फ्रारेड उजेडावर चालते. रंगीत फिल्मच्या रंगांतून तो उजेड आरपार जातो आणि धूळ तेवढी अडते. ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हमध्ये मात्र चित्रच चांदीच्या कणांचं असतं आणि तेही उजेड अडवतात, त्यामुळे यंत्राला आजोबांच्या मिशा धूळ वाटतात. बंद ठेवा. परदेशातल्या नातेवाइकांकडून आलेल्या कोडाक्रोम स्लाइडवरही ती नीट चालत नाही. उपाय म्हणजे स्कॅनच्या आधी हवेचा रबरी फुगा आणि मऊ ब्रश. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचे शिंतोडे जातात.

निगेटिव्हवर पांढरे धागे, आणि पेटी उघडली की आंबूस वास येतो.

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

पांढरे धागे म्हणजे बुरशी. हवेतला दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर राहिला की ती धरते, आणि जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात घरातली भिंतसुद्धा त्याच्या वर असते. फिल्मवरचा जिलेटिनचा थर हेच तिचं खाणं. पाण्यानं पुसाल तर थर सुटून येईल. कोरड्या मऊ ब्रशनं वरचं झटका, घरातल्या इतर सामानापासून लांब, तोंडाला मास्क लावून. हट्टी डागाला जवळजवळ शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही आधी कोपऱ्यावर करून पाहून. पावसाळ्याआधी पेटी रिकामी करून हवाबंद डबा आणि सिलिका जेल. जेल महिन्या-दोन महिन्यांनी तापवून कोरडं करायचं. नुसतं टाकून ठेवलेलं ओलं जेल म्हणजे डब्यात ठेवलेला दमटपणाच.

व्हिनेगरसारखा वास म्हणजे फिल्मचा ॲसिटेट पाया कुजतोय. त्यातून निघणारं आम्ल शेजारच्या रोलांनाही लागतं, म्हणून वासाचे रोल लगेच वेगळे करा आणि स्कॅनच्या रांगेत सगळ्यात पुढे घ्या. पुढे फिल्म आकसते, वळते, आणि मग सपाट काचेवर बसतच नाही. हे थांबवता येत नाही, थंड कोरड्या जागेनं मंद मात्र होतं.

चिकट पानांच्या, वर प्लास्टिक असलेल्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका. निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा. नवीन पाकिटं घेताना पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची घ्या, तीव्र वासाचं पीव्हीसी नको.

पुरात अल्बम भिजला. चिकटून गठ्ठा झालाय.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेच्या काठी कित्येक घरांत हे झालं, म्हणून नीट लिहितो. अजून ओला असेल तर वाळू देऊ नका. उन्हात टाकणं ही पहिली आणि सगळ्यात महाग पडणारी चूक. वाळताना जिलेटिन शेजारच्या फोटोला कायमचं धरतं. स्वच्छ थंड पाण्याच्या परातीत गठ्ठा बुडवा, आपोआप सुटणारे फोटो हळूच वेगळे करा, चित्राला बोट न लावता दुसऱ्या पाण्यातून काढा आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. निगेटिव्ह दोरीला चिमट्यानं टांगा. गरम पाणी अजिबात नको, जिलेटिन फुगून मऊ पडतं. एकाच दिवसात होण्यासारखं नसेल तर थोडे थोडे फोटो, मध्ये मेणकागद घालून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा आणि सवडीनं काढा. घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापलेले फोटो मात्र पाण्यात घालू नका, शाई वाहून जाते.

आणि गठ्ठा आधीच कडकडीत वाळला असेल तर निगेटिव्ह शोधा.

मोबाइलमधले वीस हजार फोटो कसे लावू?

वर्ष आणि त्यात महिना अशी फोल्डरं, बस. प्रसंगाची फोल्डरं करायला गेलात की "गणपती", "गणपती नवीन", "गणपती भाऊकडून" अशी रांग लागते.

व्हॉट्सॲपचं फोल्डर वेगळं ठेवा. तिथून आलेल्या फोटोचा आकार कमी झालेला असतो आणि काढल्याची तारीख, ठिकाण हेही पुसलेलं असतं. अँड्रॉइडवर फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती फोटो मिळाल्याची. मामेभावानं २०१२ चा फोटो काल पाठवला तर नावात कालचीच तारीख. महत्त्वाचा फोटो असेल तर ज्यानं काढला त्याच्याकडून मूळ फाइल "डॉक्युमेंट" म्हणून मागवा. रोजचे सुप्रभात एका झटक्यात उडवा, त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका.

एकाच लग्नाचे फोटो चार जणांकडून आलेत आणि क्रम लागत नाही.

घड्याळं जुळलेली नाहीत. दुबईहून आलेल्या भावाच्या कॅमेऱ्याची वेळ बदललेली नसेल तर ती दीड तास मागे असते, त्यामुळे सगळे फोटो एकत्र लावले की त्याच्या अक्षता इतरांच्या हळदीच्या आधीही दिसू शकतात. सगळ्यांच्या फोटोंत सापडेल असा एक क्षण निवडा, अंतरपाट दूर झालेला सगळ्यात सोयीचा. प्रत्येकाच्या फोटोतली त्या क्षणाची वेळ पाहा आणि फरकाएवढी बाकीच्या फोटोंची वेळ सरकवा.

सॉफ्टवेअर कुठलं?

डिजीकॅम मोफत आहे आणि चेहरे ओळखण्याचं काम तुमच्याच कंप्युटरवर करतं. लाइटरूम पैसे देऊन घ्यावं लागतं, ज्यांना फोटो सुधारायचेही आहेत त्यांना ते बरं. काहीही घ्या, फक्त एक सेटिंग सुरू करा: माहिती फाइलमध्येही लिही. नाहीतर सगळी नावं त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या कॅटलॉगमध्ये राहतात आणि सॉफ्टवेअर बदललं की फोटो मुके होतात.

कॉपी कुठे ठेवायच्या? गूगल फोटोज आहे की.

तिथली अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ ला बंद झाली. आता मोफत १५ जीबी, तीही जीमेल आणि ड्राइव्हसकट. त्यात टिफ बसणार नाहीत. शिवाय एकाच खात्यात सगळं म्हणजे पासवर्ड विसरला की सगळं.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा हिशेब सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. आपल्याकडे दुसरी जागा शोधावी लागत नाही. प्रत्येक घरातलं कुणीतरी पुण्यात, कोल्हापुरात किंवा गोव्यात असतंच. दिवाळीला ते आले की डिस्क बदलून न्यायची. पेनड्राइव्हवर भरवसा ठेवू नका, आणि घरात लग्नाच्या जुन्या सीडी असतील तर या महिन्यात कॉपी करा. सीडीतला रंगाचा थर उतरत जातो आणि सीडी वाचणारे कंप्युटरही आता मिळेनासे झालेत.

स्कॅन झाल्यावर निगेटिव्ह टाकून देऊ का?

नाही.

लग्नाचे फोटो स्टुडिओनं काढलेत. ते आपण छापू शकतो का?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढवून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. हल्लीच्या मोठ्या फोटोग्राफरांकडे असा करार असू शकतो, तो वाचा. जुन्या स्टुडिओंचं नाव मात्र कॅप्शनमध्ये जरूर लिहा. तो शिष्टाचार आहे आणि पाकिटावरचा शिक्का हा वर्ष शोधायचा दुवाही.

आजोबांनी काढलेले सीमा आंदोलनाचे फोटो आहेत. फेसबुकवर टाकू?

असे फोटो घराच्या पलीकडेही महत्त्वाचे आहेत, म्हणून त्यांचा रोल तर अजिबात मोडू नका. १ नोव्हेंबरचा काळा दिवस की १७ जानेवारीचा हुतात्मा दिन, हे फलकावरून आणि शेजारच्या निगेटिव्हवरून ठरवा, मनानं नको. दोन्हीकडे मोर्चे आणि काळे झेंडे सारखेच दिसू शकतात. घरच्या प्रतीत ओळखलेली सगळी नावं लिहा. बाहेर टाकायच्या प्रतीतून हयात असलेल्यांची नावं आणि ठिकाणाची माहिती काढून टाका, आणि त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना एकदा विचारा. चेहरा दिसतो त्याचं मत लागतं, फोटो आपल्या आजोबांनी काढलेला असला तरी.

स्वतः वेळ नाही. लॅबमध्ये द्यायचं तर काय सांगू?

एकदम सगळं देऊ नका. आधी एकच रोल द्या, कमी महत्त्वाचा. लिहून द्या: पाकिटांचा क्रम मोडायचा नाही, निगेटिव्ह आणखी कापायची नाही, फाइलला आमचाच नंबर, टिफ हवी, रंग "सुंदर" करू नका, ब्लॅक अँड व्हाइटला धूळ काढणारी सोय बंद. परत आल्यावर एक फोटो पूर्ण मोठा करून केसांकडे पाहा. केस मेणासारखे गुळगुळीत दिसत असतील तर कुणीतरी मशीनला मोकळं सोडलंय, दुसरी लॅब शोधा. मोजून द्या, मोजून घ्या, आणि निगेटिव्ह पोस्टानं पाठवायची वेळ आली तर निम्म्या आज, निम्म्या पुढच्या आठवड्यात.